‘कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही’ : वजन उतरवताना समोरच्या बारीक माणसाचं काय करायचं

वजन उतरवायला घेतलं की भुकेबद्दल सगळे सांगतात, व्यायामाबद्दल सांगतात, गोड सोडण्याबद्दल तर विचारायलाच नको. समोर बसून दुसऱ्यांदा वाढून घेणाऱ्या आणि “मला ना, कितीही खाल्लं तरी अंगालाच लागत नाही” असं सहज बोलून जाणाऱ्या माणसाबद्दल मात्र कोणी सावध करत नाही. आपण वाटीतले दाणे मोजत असतो आणि पोटात दुखायला लागतं, भुकेने नव्हे. हा हेवा वर्षभर सोबत राहतो, दर टप्प्यावर रंग बदलतो, आणि “त्यांना चालतं, मग मलाच ही शिक्षा का” असं म्हणत पुष्कळांचं पथ्य त्याच्यापायीच मोडतं. जानेवारीत सुरू करून डिसेंबरात एका मुक्कामाला पोचलेल्या माझ्या वर्षाचा क्रम खाली दिला आहे. मध्येमध्ये हिशेब आहेत, कारण हेवा बराचसा चुकीच्या हिशेबावर जगतो.

जानेवारीचा दुसरा आठवडा तपासण्यांचा. उपाशीपोटी रक्त द्यायचं तर ८ ते १२ तासांचं अंतर लागतं. साधं पाणी चालतं, चहा-कॉफी नाही. यादी साधारण अशी असते: उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), यकृताची एन्झाइम्स, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. त्यामुळे थायरॉइडचे आकडे फसवे येऊ शकतात, म्हणून निदान दोन दिवस आधी बंद करायला सांगतात. चालू औषधांची यादी कागदावर लिहून न्या. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, नैराश्यावरची आणि मानसिक आजारांवरची काही औषधं, फिट्सवरचं व्हॅलप्रोएट यांनी वजन वाढतं. मनाने यातलं काही बंद करायचं नाही. पर्याय आहे का एवढं विचारायचं. घोरणं आणि दिवसा डुलक्या लागणं ही तक्रार असेल तर तीही सांगायची, कारण झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो.

रिपोर्ट एक-दोन दिवसांत येतात. ते दोन दिवस विचित्र असतात. थायरॉइड निघावा अशी मनातून चक्क इच्छा असते, म्हणजे “त्यांचं तसं का आणि माझं असं का” याला एक छापील कारण मिळेल. टीएसएच नॉर्मल आला की आनंद व्हायला हवा, होते निराशा. ज्यांचा थायरॉइड खरंच कमी निघतो त्यांनीही मोठ्या आशा लावू नयेत. त्यामुळे वाढलेलं वजन साधारण २ ते ४.५ किलोंच्या आसपास असतं आणि त्यात मीठ-पाण्याचा वाटा मोठा असतो. गोळी घ्यायलाच हवी, पण बाकीच्या १५ किलोंचं उत्तर त्या गोळीत नसतं.

आहारतज्ज्ञाची वेळ लगेच मिळेलच असं नाही. तोवर दोन कामं उरकून घ्यावीत. फोन करून विचारायचं: फीमध्ये पुढच्या भेटी धरल्या आहेत का, विमा असेल तर तो हा खर्च देतो का, आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते का. चिठ्ठी नंतर मागे जाऊन मिळवणं फार कटकटीचं असतं. दुसरं काम म्हणजे सात दिवसांची खाण्याची वही, त्यात शनिवार-रविवार आलेच पाहिजेत. वजनाबरोबर कंबरही मोजून ठेवा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप न आवळता. हा आकडा उंचीच्या निम्म्याहून कमी असावा हा चांगला ढोबळ नियम आहे.

वहीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण हेव्याची मुळं तिथे सापडतात. १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी “मी १२०० कॅलरींच्या आत खातो, तरी वजन उतरत नाही” असं सांगणारी माणसं तपासली. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी प्यायला देऊन, पुढचे काही दिवस लघवी तपासून शरीराने प्रत्यक्षात किती ऊर्जा खर्च केली ते काढता येतं. या पद्धतीत फसवाफसवीला वाव नसतो. त्यांचं मेटाबॉलिझम व्यवस्थित निघालं. खाणं मात्र सरासरी ४७ टक्के कमी सांगितलेलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ही माणसं खोटारडी नव्हती. अंदाज असाच चुकतो.

कसा चुकतो ते पाहायचं असेल तर स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या. त्यावर तेलाची बाटली ठेवा आणि आकडा शून्य करा. रोजच्या हाताने भांड्यात तेल ओता आणि बाटली परत काट्यावर ठेवा. उणे जो आकडा दिसेल तेवढे ग्रॅम तेल गेलं. मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर, भरला तर ते साधारण १३.५ ग्रॅम असतं, जवळपास १२० कॅलरी. सवयीच्या हाताने ‘एक चमचा’ म्हणून काटा उणे २५ दाखवत असेल, तर तिथेच २२५ झाल्या. वहीत मात्र १२० लिहिल्या गेल्या. दाणे, सुकामेवा, चीज, सॅलडवरचं ड्रेसिंग, मुलांच्या ताटातलं उरलेलं, चव बघताना गेलेले चार घास: गळती इथे असते. पालेभाजीचं वजन करत बसू नका, त्याने काही हाती लागत नाही. काटा तेल, दाणे, साखर आणि धान्य यांच्यासाठीच ठेवा, आणि तोही पहिले तीन-चार आठवडे. डोळा तयार झाला की त्याला कपाटात विश्रांती द्यावी.

आता हाच चष्मा उलटा लावून पाहा. स्वतःचं खाणं आपल्याला इतकं कमी दिसतं, तर दुसऱ्याचं किती दिसत असेल? बारीक माणसाला आपण पाहतो ते एकत्र जेवताना, पार्टीत, सुट्टीत. तो तेव्हा भरपूर खातोच. त्याचं मंगळवारचं विसरलेलं दुपारचं जेवण आपल्याला दिसत नाही. २०२२ साली चीनमधल्या एका अभ्यासात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, १८.५ च्या खाली असलेल्या, पण निरोगी आणि मुद्दाम वजन कमी न करणाऱ्या प्रौढांची त्याच जड पाण्याच्या पद्धतीने तपासणी झाली. ते मध्यम बांध्याच्या लोकांपेक्षा १२ टक्के कमी खात होते आणि २३ टक्के कमी हालचाल करत होते. विश्रांतीतला त्यांचा ऊर्जाखर्च मात्र अपेक्षेपेक्षा थोडा जास्त होता. म्हणजे ‘कितीही खातात’ हे मोजल्यावर टिकलं नाही, आणि ‘सतत पळत असतात’ हेही नाही.

फेब्रुवारी फसवा महिना. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत एक-दोन किलो झरकन उतरतात. यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे बांधलेलं सुमारे तीन ग्रॅम पाणी निघून जातं. चरबी त्यात थोडीच असते. या दिवसांत हेवा गायब असतो. आपणही आता त्यांच्यातलेच झालो असं वाटतं. तिसऱ्या आठवड्यात वेग आठवड्याला अर्ध्या किलोवर येतो आणि हेवा दुप्पट जोमाने परततो. आधीच माहीत असलं की धक्का कमी बसतो.

याच महिन्यात कॅलरींचा आकडा ठरवावा लागतो. मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० चं सूत्र त्यासाठी पुरेसं आहे: वजन किलोत गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. मग स्त्री असेल तर वजा १६१ आणि पुरुष असेल तर अधिक ५. चाळीस वर्षांची, १६० सेंटिमीटर उंच, ७५ किलोंची स्त्री धरली तर १३८९ येतात. बैठं काम असेल तर १.४ ने गुणायचं, म्हणजे १९४५ च्या आसपास. त्यातून ४०० ते ५०० वजा केले की दिवसाच्या साधारण १५०० उरतात. हा आकडा म्हणजे केवळ पहिला अंदाज. तीन आठवड्यांचं वजन पाहून तो १०० ने वरखाली करायचा.

आता शेजारच्या टेबलावरची तिच्याच वयाची, तिच्याच उंचीची, ५५ किलोंची मैत्रीण घ्या. सूत्र तिला देतं ११८९, १.४ ने गुणल्यावर १६६५. म्हणजे बारीक मैत्रिणीचं शरीर दिवसाला २८० कॅलरी कमी जाळतं. जड शरीर चालवायला ऊर्जा जास्त लागते, त्यामुळे ‘तिचं मेटाबॉलिझम फास्ट आणि माझं स्लो’ हे बहुतेक वेळा उलटं असतं. वयाचंही तसंच. २०२१ साली २९ देशांतल्या ६४०० हून अधिक लोकांची मोजणी प्रसिद्ध झाली. शरीराचा आकार हिशेबात घेतल्यावर २० ते ६० या वयात ऊर्जाखर्च जवळजवळ सपाट निघाला. तिशीनंतर मेटाबॉलिझम बसतं, हे कारण त्यामुळे फारसं वापरता येत नाही.

घरातल्या घरातला हेवा वेगळा, आणि माझ्या मते जास्त बोचरा. जोडीदाराने त्याच ताटात जेवायचं आणि त्याचं पोट सपाट. वरच्याच सूत्रात ७५ किलोंचा, १८० सेंटिमीटरचा, चाळिशीचा पुरुष घातला तर १६८० येतात, म्हणजे काट्यावर तोच आकडा असून विश्रांतीतच २९० जास्त, १.४ ने गुणल्यावर दिवसाला ४०० च्या वर. एवढ्यात एक बऱ्यापैकी नाश्ता बसतो. एकाच आकाराची दोन ताटं लावणं हीच इथली गफलत आहे. पदार्थ तेच ठेवा, ताट लहान घ्या आणि धान्य व तेलाचा भाग कमी वाढा. वेगळा ‘डाएटचा’ स्वयंपाक करू नये; करणारा दमतो आणि महिन्याभरात सगळं सोडतो.

मार्च-एप्रिलमध्ये नजर आपोआप बारीक लोकांवर जाते. जातच असेल तर नीट पाहावं. ऑफिसात केक कापला जातो. तीन वाजता तो बारीक सहकारी एक तुकडा घेतो, वरचं क्रीम चाटतो, दोन घास खातो आणि कुणाशी तरी बोलता बोलता प्लेट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून देतो. सहा वाजता ती तिथेच असते, केकच्या कडा वाळलेल्या. त्याने तो ‘सोडलेला’ नसतो. तो त्याच्या डोक्यातूनच गेलेला असतो. आपल्याला मात्र तीन ते सहा या वेळात ती प्लेट कुठे आहे हे पाठ असतं. फरक इच्छाशक्तीचा असता तर त्यालाही दात-ओठ खावे लागले असते. फरक आवाजाचा आहे. काहींच्या डोक्यात खाण्याचा आवाज लहान असतो, काहींच्या मोठा.

दुसरा प्रकार चुळबुळ्यांचा. १९९९ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी लठ्ठ नसलेल्या १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खायला घातलं. एकाच्या अंगावर ०.३६ किलो चरबी चढली आणि एकाच्या ४.२३ किलो. व्यायाम कुणीच वाढवला नव्हता. फरक पडला उठबस, उभं राहणं, पाय हलवणं अशा फुटकळ हालचालींनी: कुणाची ती दिवसाला जवळपास ७०० कॅलरींनी वाढली, कुणाची उलट थोडी घटली. हे ठरवून होत नाही. जास्तीचं पोटात गेलं की काही शरीरं आपोआप हलायला लागतात. त्याच गटाने २००५ मध्ये दाखवलं की जाड माणसं बारीक माणसांपेक्षा दिवसाला सुमारे दोन तास जास्त बसलेली असतात, आणि तो फरक साधारण ३५० कॅलरींचा पडतो. चीनच्या अभ्यासाशी हे जुळत नाही, कारण बारीक राहण्याचे रस्ते एकाहून जास्त आहेत. कुणी कमी भुकेवर बारीक असतो, कुणी चुळबुळीवर.

यातलं उसनं काय घेता येतं? भूक नाही घेता येत. उभं राहणं घेता येतं. फोन आला की उठायचं, पाण्याची बाटली लहान ठेवायची म्हणजे भरायला जावं लागतं, जेवणानंतर दहा मिनिटं चालायचं. एकदम १० हजार पावलांचा हट्ट धरून गुडघे दुखवून घेण्यापेक्षा एक आठवडा आपली रोजची पावलं मोजा आणि त्यात दर पंधरवड्याला हजार-दीड हजार घाला. त्यांच्या खाण्याच्या वेळा मात्र उसन्या घेऊ नका. सकाळी कॉफीवर राहून रात्री भरपूर जेवणारी बारीक माणसं असतात. भुकेचा आवाज मोठा असलेल्याने ते केलं की रात्री नऊ ते अकरा या वेळात दिवसभराचं सगळं भरून निघतं, वर थोडं जास्तच.

मे-जूनमध्ये हेव्याची जागा तक्रारीने घेतली: हा अन्याय आहे. आहेच. १९९० साली लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचा अभ्यास झाला. त्यांचे बीएमआय तरीही एकमेकांशी घट्ट जुळत होते, पुरुषांत सहसंबंध ०.७० आणि स्त्रियांत ०.६६. त्याच वर्षी कॅनडात एकसारख्या तरुण जुळ्यांच्या १२ जोड्यांना १०० दिवसांपैकी ८४ दिवस रोज १००० कॅलरी जास्त दिल्या. सरासरी ८.१ किलो वाढले, पण कुणाचे ४.३ तर कुणाचे १३.३. एकाच जोडीतले दोघे मात्र साधारण सारखेच वाढले. २००७ मध्ये सापडलेल्या एफटीओ जनुकाच्या एका प्रकाराच्या दोन्ही प्रती असणाऱ्यांचं वजन सरासरी ३ किलो जास्त निघालं, आणि या जनुकाचा परिणाम मुख्यतः भुकेवर होतो. २०१९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात जन्मभर बारीक राहिलेल्यांमध्ये वजन वाढवणारे जनुकीय बदल कमी आढळले. त्यांनी काही कमावलेलं नाही, आपण काही गमावलेलं नाही. पत्ते वाटून आलेत. हे एकदा पटलं की “तू जरा कंट्रोल ठेव ना” हे वाक्य लागायचं कमी होतं. आणि जे वाटून आलेलं आहे त्यावर आणखी चार महिने रुसून बसण्यात काही हशील नाही.

एक आगाऊ सूचना इथेच. बारीक दिसणाऱ्या प्रत्येकाचं बरं चाललंय असं धरू नका. वाढलेला थायरॉइड, सिलिअॅक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आतड्याचा आजार), टाइप १ मधुमेहाची सुरुवात, सिगारेट, नैराश्य, खाण्याशी निगडित मानसिक आजार, या सगळ्यांनी माणसं बारीक होतात. “कसली छान बारीक झालीस!” हे अशा माणसाला ऐकवणं किती महागात पडतं ते सांगायला नको. बीएमआय नॉर्मल असूनही यकृतात चरबी आणि रक्तात साखर असलेली माणसंही असतात. आणि काही ‘सहज’ बारीक माणसं वीस वर्षं रोज सकाळी काट्यावर उभी राहत असतात. ते कुणाला सांगत नाहीत, एवढंच.

जुलै-ऑगस्टमध्ये काटा अडतो. बहुतेकांचा अडतो. आधी तो खरंच अडला आहे का ते ठरवा. खारट जेवण, नवा व्यायाम, पाळीच्या आधीचे दिवस, बद्धकोष्ठ, यांनी एक-दोन किलो पाणी वरखाली होतं आणि चरबी उतरत असूनही काटा ढिम्म राहतो. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. सरासरीची तुलना मागच्या आठवड्याच्या सरासरीशी, पाळी येणाऱ्यांनी मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी. रोजच्या आकड्याने मन खट्टू होत असेल तर आठवड्यातून एकदाच. चार आठवडे सरासरी हलली नाही तर अडलं म्हणायचं.

शनिवार-रविवारचा हिशेब त्यानंतर. पाच दिवस ५०० कमी म्हणजे २५०० ची बचत. दोन दिवस प्रत्येकी १००० जास्त म्हणजे २००० गेले. आठवड्यात उरले ५००, म्हणजे जेमतेम ६५ ग्रॅम चरबी, कारण एक किलो चरबीमागे साधारण ७७०० कॅलरी धरतात. काट्यावर ते दिसणारच नाही. ‘आठवडाभर इतकं पाळूनही’ ही भावना खरी असते आणि हा हिशेबही खरा असतो.

हे सगळं नीट असूनही वेग मंदावतोच, आणि या टप्प्यावरचा हेवा मला सगळ्यात न्याय्य वाटतो. २०१६ च्या एका विश्लेषणानुसार दर एक किलो उतरल्यामागे ऊर्जाखर्च दिवसाला २० ते ३० कॅलरींनी घटतो, आणि भूक मात्र १०० च्या आसपास वाढते. ८ किलो उतरलेत तर खर्चात २०० ची घट, आणि भुकेचा ओढा त्याच्या चौपट. २०११ साली दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन उतरवलेल्यांची भुकेची हार्मोन्स ६२ व्या आठवड्यात पुन्हा तपासली, तेव्हाही ती भूक वाढवण्याच्याच बाजूला झुकलेली होती. म्हणून ६५ किलोंवर पोचलेला माणूस आणि जन्मापासून ६५ किलोंचा माणूस हे काट्यावर सारखे असले तरी पोटाच्या आत सारखे नसतात. “आता तर तू माझ्याएवढाच आहेस, मग घे की अजून” या आग्रहाला उत्तर हेच.

यावर हातात आहे ते असं. प्रथिनं वजनाच्या दर किलोला १.२ ते १.६ ग्रॅम, तीन-चार जेवणांत वाटून. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. प्रथिनांनी पोट भरल्यासारखं राहतं आणि त्यांच्या पचनातच त्यांच्या २० ते ३० टक्के कॅलरी खर्च होतात. आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम, नाहीतर उतरणाऱ्या वजनात स्नायूही जातात. पाकिटबंद, अतिप्रक्रिया केलेलं खाणं कमी: २०१९ च्या एका काटेकोर प्रयोगात २० जणांनी तसल्या आहारावर दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, आपण जास्त खातोय हे न ठरवता. आणि झोप. २०२२ मध्ये कमी झोपणाऱ्या ८० प्रौढांवर प्रयोग झाला. ज्यांची झोप सव्वा तासाच्या आसपास वाढली, त्यांचं खाणं दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी आपोआप घटलं. फारच शीण आला असेल तर दोन आठवडे वजन फक्त टिकवून धरा. तो वेळ वाया जात नाही. टिकवण्याचा सराव पुढे लागणारच असतो.

औषधांचा विषय याच सुमारास निघतो. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, नकली औषध घेणाऱ्यांत २.४ टक्के. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्रास होतात. बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आल्याचंही नोंदलेलं आहे. ते घ्यायचं की नाही हे डॉक्टरांशी बोलूनच ठरतं. इथे उल्लेख एवढ्यासाठी, की ते घेणारे पुष्कळ जण एकच गोष्ट सांगतात: डोक्यातली खाण्याची बडबड थांबली. खिडकीच्या कट्ट्यावरची प्लेट विसरता येणं हे काही लोकांना फुकटात मिळालेलं असतं आणि काहींना इंजेक्शनने मिळतं, हे कळल्यावर हेवा पूर्ण जात नाही, पण त्यातला स्वतःबद्दलचा तिरस्कार बराच जातो.

सप्टेंबर-ऑक्टोबर हे लोकांत मिसळून जेवायचे महिने ठरले. काही बारीक गोष्टी कामाच्या निघाल्या. वाढपाच्या भांड्यापासून लांब बसायचं. पहिल्यांदाच हवं तेवढं वाढून घ्यायचं, म्हणजे ‘दुसऱ्यांदा’चा प्रश्न उरत नाही. हळू जेवणाऱ्याशेजारी बसायचं, वेग आपोआप त्याच्याएवढा होतो. भुकेलेलं जायचं नाही. निघण्याआधी एक अंडं किंवा वाटीभर दही पुरतं. आणि “तू काही खातच नाहीस” याला “झालं माझं, मस्त होतं” एवढंच उत्तर द्यायचं. कारणं दिली की चर्चा सुरू होते, आणि चर्चेत कुणीतरी ‘मला तर काही लागतच नाही’ म्हणतंच. सोशल मीडियावर ‘मी दिवसभरात काय खाते’ दाखवणारे सडपातळ चेहरे सरळ म्यूट करा. कॅमेऱ्यासमोरच्या ताटातलं किती पोटात गेलं हे कुणालाच ठाऊक नसतं.

डिसेंबरात ठरवलेल्या आकड्याच्या जवळ पोचल्यावर सूत्र नव्या वजनाने पुन्हा मांडायचं. १.४ ने गुणून येणाऱ्या आकड्यावर एकदम उडी मारू नये. आठवड्याला १०० कॅलरी वाढवत जावं आणि सरासरी स्थिरावली की थांबावं. पहिल्या आठवड्यात ग्लायकोजेन परत भरलं की किलोभर वाढ दिसते, तिने घाबरायचं नाही. १९९४ साली अमेरिकेत, भरपूर वजन उतरवून ते टिकवलेल्यांची एक नोंदवही सुरू झाली. तिच्यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात आणि बहुतेक जण रोज सुमारे तासभर हालचाल करतात. सहज राहिलेलं त्यांच्यातही कोणी नाही. आपली एक रेघ आखून ठेवावी: सरासरी २ किलोंनी वर गेली की वही आणि काटा पुन्हा बाहेर, तीन आठवड्यांसाठी.

आणि फाईल बंद करण्याआधी एक भेट डॉक्टरांची. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी रक्तदाब आणि साखर खाली येऊ लागतात, त्यामुळे जुन्याच डोसवर चक्कर येऊ शकते किंवा साखर फार खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी तर डिसेंबरपर्यंत थांबूच नये, दर दोन-तीन महिन्यांनी डोस तपासून घ्यावा. थायरॉइडच्या गोळीचाही डोस वजनावर अवलंबून असतो. एचबीएवनसी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, म्हणून ते त्याआधी पुन्हा करून घेण्यात पैसे वाया जातात. जानेवारीचे रिपोर्ट बरोबर न्या, दोन्ही तारखांचे आकडे शेजारी शेजारी लिहून घ्या, आणि औषधांची यादी नव्याने लिहा.